'ये है मोहब्बतें'मधला पुनर्विवाह आणि सावत्र नाती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिका संपून बराच काळ लोटला, तरी तिच्याबद्दलचे प्रश्न मला येतच राहतात. बहुतेक प्रश्न रमण-इशिताच्या नावाने सुरू होतात आणि तिसऱ्या ओळीपर्यंत विचारणाऱ्याच्या स्वतःच्या घरात येऊन पोचतात. मी स्वतः २०१४ साली एका सात वर्षांच्या मुलीच्या वडिलांशी लग्न केलं. तेव्हा ही मालिका रोज चालू होती, त्यामुळे उत्तरांत माझं घरही डोकावेल. कायद्याबद्दल जे लिहिलं आहे ते हिंदू कायदा लागू असलेल्या कुटुंबांपुरतं आहे. आपले कागद वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर पाऊल उचलू नका.

१. मी मालिका पाहिलेली नाही. गोष्ट थोडक्यात सांगाल का?

'ये है मोहब्बतें' स्टार प्लसवर ३ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली आणि १८ डिसेंबर २०१९ ला संपली. निर्मिती बालाजी टेलिफिल्म्सची, भाग अठराशेच्या वर. गोष्ट दिल्लीत घडते. डॉ. इशिता अय्यर (दिव्यांका त्रिपाठी) ही तमिळ घरातली दातांची डॉक्टर. तिला मूल होऊ शकत नाही, आणि त्यापायी तिचं ठरलेलं लग्न मोडलेलं आहे. शेजारी पंजाबी भल्ला कुटुंब. त्यातला रमण (करण पटेल) घटस्फोटित. त्याची बायको शगुन (अनिता हसनंदानी) त्याचाच बॉस अशोक खन्ना याच्याकडे निघून गेली. जाताना मोठ्या मुलाला, आदित्यला, घेऊन गेली आणि तान्ह्या रूहीला मागे ठेवून गेली. त्या कडवटपणात रमणचं लेकीकडेही धड लक्ष नाही. रूहीला (रुहानिका धवन) इशिताचा लळा लागतो आणि तिच्यासाठी इशिता रमणशी लग्न करते. पुढच्या सगळ्या घडामोडी याच एका गाठीतून निघतात.

२. ही गोष्ट कादंबरीवरून घेतली आहे हे खरं का?

हो. मंजू कपूर यांच्या 'कस्टडी' या इंग्रजी कादंबरीवरून, जी २०११ साली आली. मालिकेने तिचा गाभा घेतला आणि बाकीचं आपल्या पद्धतीने वाढवलं. कादंबरीचं नाव लक्षात ठेवलंत तर मालिका सोपी होते, कारण तिच्या मुळाशी प्रेमकथेच्याही आधी मुलांच्या ताब्याचा झगडा आहे.

३. इशिताचं तर पहिलंच लग्न होतं. मग याला पुनर्विवाहाची मालिका कसं म्हणायचं?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण माझंही पहिलंच लग्न होतं. आपल्याकडे वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर 'प्रथम विवाह', 'घटस्फोटित', 'विधुर' असे रकाने असतात आणि शेजारी 'अपत्य' हा आणखी एक. पूर्वी अशा मुलीबद्दल 'बिजवराला दिली' असं म्हणत, आणि त्या 'दिली'त तिच्या बाजूने काहीतरी उणं आहे हे धरलेलंच असे. इशिताच्या बाबतीत ते उणं उघड सांगितलं जातं. मूल होणार नाही, म्हणजे मुलं असलेला नवरा तिला 'चालेल'.

पुनर्विवाह त्या दोघांपैकी एकाचा असला तरी घर पुनर्विवाहाचंच होतं. आधीच्या संसाराची भांडी, सवयी, फोटो, सासूच्या तोंडात बसलेलं आधीच्या सुनेचं नाव, हे सगळं नव्या बाईच्या वाट्याला येतं. पहिलं लग्न असणाऱ्याला ते जास्त जड जातं, कारण त्याच्याकडे आपला असा जुना संसार नसतो.

४. दोघांचं प्रेम नव्हतं. नुसतं मुलीसाठी लग्न करणं पटतं का?

मला पटतं, आणि मालिकेचे सुरुवातीचे महिने म्हणूनच सगळ्यात चांगले आहेत. शगुन आणि अशोक रूहीचा ताबा मागतात. घरात आई असेल तर आपली बाजू भक्कम होईल, हा रमणचा हिशेब. रूही आपल्यापासून तुटू नये, ही इशिताची ओढ. दोघांनी एकमेकांना फसवलेलं नाही. लग्नाचं कारण दोघांनाही माहीत आहे. ती त्याला 'रावणकुमार' म्हणते, तो तिला 'मद्रासन' म्हणून डिवचतो, आणि मध्ये ती मुलगी आहे, जिचा डबा सकाळी सातला भरायचाच असतो.

नवरा-बायकोचं जमायच्या आधी आई-मुलीचं जमलं, हा क्रम कित्येक पुनर्विवाहांत खरा असतो. उलटंही होतं, आणि ते जास्त कठीण. (त्यासाठी प्रश्न ७ पाहा.)

५. मुलीने सावत्र आईला काय हाक मारावी? रूही 'इशिमाँ' म्हणते तसं काही ठरवून द्यावं का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. 'इशिमाँ' हा शब्द मालिकेने फार नेमका शोधला. त्यात आईपण आहे आणि इशिताचं नावही आहे. त्यामुळे शगुनची 'मम्मा' ही जागा कुणी हिसकावून घेतलेली नाही. मुलाच्या जिभेवर दोन्ही शब्द राहू शकतात.

पण 'इशिमाँ' रूहीच्या ओढीतून आलं, हे विसरू नका. आमच्या घरी लग्नानंतर आठव्या दिवशी नातेवाईकांनी मुलीला सगळ्यांसमोर सांगितलं, "आता हिला आई म्हणायचं." त्यानंतर जवळजवळ वर्षभर तिने मला हाकच मारली नाही. स्वयंपाकघराच्या दारात यायची, माझं लक्ष जाईपर्यंत उभी राहायची आणि मग थेट वाक्य सुरू करायची: "उद्या चित्रकलेचा तास आहे." पुढे आपोआप 'मावशी' आलं, आणि ते आजही आहे. मैत्रिणींशी फोनवर बोलताना मात्र ती "आई ओरडेल" असं म्हणते आणि तेव्हा ती माझ्याबद्दल बोलत असते.

तेव्हा काही ठरवून देऊ नका. काकू, मावशी, नावापुढे ताई, जे येईल ते येऊ द्या. 'आई' शब्दासाठी मुलाला चॉकलेट, कौतुक किंवा डोळ्यांत पाणी यांपैकी काहीही लाच म्हणून देऊ नका.

६. सावत्र आई म्हणजे छळणारी, हे चित्र या मालिकेने खरंच बदललं का?

बऱ्याच अंशी. आपल्या कहाण्यांत सावत्र आई आली की सावत्र मुलाच्या ताटात शिळं पडणार हे ठरलेलं. 'सावत्रपणाची वागणूक' हा शब्दप्रयोग आपण सरकारी निधीच्या बातम्यांतही वापरतो, इतकी ती समजूत भाषेत मुरली आहे. इथे नायिकाच सावत्र आई आहे, रोज, सहा वर्षं. त्याचा परिणाम मी पाहिला. माझ्या सासूबाई, ज्या लग्नाआधी "बघू, कशी वागते" म्हणत होत्या, त्याच शेजारणीला सांगायच्या, "आमची ती इशितासारखी आहे." मला त्या तुलनेने बळ मिळालं, हे मी मनापासून सांगते.

मात्र एक गोष्ट मला कायम खटकत आली. इशिता कधी थकत नाही. रूहीचा तिला कधी कंटाळा येत नाही. सावत्र आईला वाईट न ठरवण्यासाठी तिला देवीच करावं लागलं. ज्या बाया मला लिहितात त्यातल्या निम्म्यांना हाच अपराधीपणा छळतो, की आपल्याला राग आला म्हणजे आपण 'तसल्या' सावत्र आई झालो. पोटच्या मुलावर येतो तेवढाच राग सावत्र मुलावर येणं साहजिक आहे.

७. मुलगा मोठा आहे आणि नव्या आईचं तोंड पाहायला तयार नाही. आदित्यचं मालिकेत काय होतं?

रूहीपेक्षा आदित्यचा धागा मला जास्त मोलाचा वाटतो. रूही तान्ही होती, तिला आधीचं घर आठवत नाही. आदित्यला ते आठवतं. तो आईबरोबर अशोकच्या घरी वाढतो, वडिलांबद्दल वाईटच ऐकतो, आणि इशिता त्याच्या लेखी आईची जागा बळकावणारी बाई असते. तो तिला दुखवतो आणि ते खूप काळ चालतं. एका प्रसंगात सगळं निवळत नाही, हे मालिकेने बरोबर दाखवलं. त्याचा विश्वास बसतो तो इशिता त्याच्या बाजूने उभी राहते तेव्हा, आणि तेही हळूहळू, पुन्हा मागे सरत.

मोठ्या मुलाला नवी आई म्हणजे जुन्या आईशी गद्दारी वाटते. हे मला आमच्या घरी एका बॅगेने शिकवलं. आमच्या मुलीची आई नाशिकला असते. मुलगी तिथून परत आली की मी लगेच बॅग उघडून कपडे धुवायला टाकायची, माझ्या दृष्टीने ते काळजी घेणंच होतं. एकदा ती बादलीपाशी येऊन ओले कपडे छातीशी धरून रडली. त्या कपड्यांना तिच्या नाशिकच्या घरातल्या साबणाचा वास होता आणि तो मी घालवला होता. त्यानंतर बॅग पॅसेजमध्ये दोन-दोन दिवस तशीच राहायची. ती स्वतः रिकामी करेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा आमच्याकडे नियम झाला.

तुमच्या मुलाच्या बाबतीतही त्याची 'बॅग' कोणती ते शोधा. पहिलं वर्षभर शिस्तीचं बोलणं जन्मदात्या वडिलांनी (किंवा आईने) करावं, नव्या माणसाने नाही.

८. शगुनला खलनायिका केलं हे योग्य होतं का?

नाही. ही मालिकेची सगळ्यात मोठी चूक, असं माझं स्पष्ट मत आहे. नवरा सोडून जाणारी बाई वाईट असेल तर मुलं तिच्यापासून दूर ठेवणं सोपं होतं, आणि प्रेक्षकांना इशिताची बाजू घेताना अपराधी वाटत नाही. प्रत्यक्षात पहिली आई अनेकदा एक साधी, थकलेली, दुसऱ्या गावात नोकरी करणारी बाई असते. मुलांनी तिच्यावर प्रेम केलं तर ते दुसऱ्या आईच्या वाट्यातून कमी होत नाही.

मालिकेला हे पुढे उमगलेलं दिसतं. शगुन बदलते, इशिताचा मित्र मणी याच्याशी संसार थाटते, इशिताची साथीदारही होते. दोन्ही आया एका मुलाच्या आजारपणात एकाच खोलीत बसल्या आहेत, असले प्रसंग आले की मी पुन्हा मालिकेशी जोडली जायची.

९. मिहिर शगुनचा भाऊ आहे. तो रमणकडे कसा?

मेहुणा म्हणून आला आणि भाऊ म्हणून राहिला. बहीण घर सोडून गेली तरी मिहिर रमणजवळच थांबला, त्याच्याबरोबर काम करत राहिला, आणि भल्लांच्या घरात त्याला परका कुणी मानत नाही. घटस्फोट नवरा-बायकोचा होतो, मामा मुलांचा मामाच राहतो. लेखकांनी हे फार मोठा गाजावाजा न करता रोजच्या जेवणाच्या टेबलावर दाखवलं.

१०. दोन्हीकडचे आजी-आजोबा वेगवेगळ्या चालीरीतींचे असतील तर?

मालिकेतला विनोदाचा अर्धा साठा यावरच आहे. एका घरात इडली-सांबार, दुसऱ्यात पराठे, आणि दोन विहिणींची रोजची जुगलबंदी. इशिताच्या अम्मांचं, माधवी अय्यरचं काम नीना कुलकर्णींनी केलं आहे, आणि मराठी रंगभूमीवर त्यांना पाहिलेल्यांनी त्यांच्यासाठी तरी हे भाग पाहावेत. मुलीला 'मुलांसकट' नवरा मिळाला याचं दुःख आणि त्या नातीला जवळ घेण्याची ऊब त्या एकाच चेहऱ्यावर दाखवतात.

माझ्या आईनेही वर्षभर मुलीला 'त्यांची मुलगी' म्हटलं. मग एका दिवाळीला तिने फराळाच्या डब्यावर मुलीचं नाव चिकटवून पाठवलं, आत फक्त तिला आवडणाऱ्या खाऱ्या शंकरपाळ्या. आजोळ तिथून सुरू झालं.

११. दुसरं लग्न केल्याने मुलाचा ताबा मिळतो का, मालिकेत दाखवलंय तसा?

लग्नाचं प्रमाणपत्र दाखवलं आणि ताबा मिळाला, असं होत नाही. न्यायालय मुलाचं हित पाहतं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मधल्या कलम १३ प्रमाणे हाच सर्वोच्च मुद्दा आहे. कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, असं धरलं जातं. इथे आई म्हणजे जन्मदात्री किंवा दत्तक घेणारी. याच कलमाच्या स्पष्टीकरणात 'वडील' आणि 'आई' या शब्दांत सावत्र वडील व सावत्र आई येत नाहीत, असं स्वच्छ लिहिलं आहे.

म्हणजे घरात मायेचं माणूस आहे, मूल तिथे रुळलं आहे, ही गोष्ट हिताच्या बाजूने मांडता येते. पण इशिताला स्वतःचा असा हक्क मिळत नाही. उलट बाजूही सांगते: पुनर्विवाह केला एवढ्याच कारणाने आईचा ताबा आपोआप जात नाही. या भीतीने कित्येक बाया लग्न टाळतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१२. घटस्फोटाचा निकाल लागला की लगेच दुसरं लग्न करता येतं?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील केलं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत थांबावं लागतं. कलम २८ मध्ये ही मुदत ९० दिवसांची आहे. हॉल बुक करण्याआधी निकालाची प्रमाणित प्रत हातात घ्या आणि तुमच्या प्रकरणात मुदत कशी मोजायची हे वकिलाकडून लिहून घ्या.

१३. शाळेच्या, दवाखान्याच्या कागदांवर सावत्र आईची सही चालते का?

कायद्याने पालक वडील किंवा आई (प्रश्न ११). 'आईचे नाव' या रकान्यात जन्मदात्रीचंच नाव राहतं, लग्नाने ते बदलत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःच्या नावापाठोपाठ आईचं नाव लावायचं ठरलं आहे, त्यामुळे यापुढे हा मुद्दा आणखी वेळा समोर येईल.

मुलगी आठवीत असताना मी एका शाळेच्या खिडकीपाशी प्रवेशाचा फॉर्म घेऊन उभी होते. आतून विचारलं, "आईचं नाव हे लिहिलंय, मग तुम्ही कोण?" मागे रांग होती. मला उत्तर सुचेना. मुलगी म्हणाली, "घरी या असतात." फॉर्म मात्र तसाच परत आला आणि नवऱ्याला अर्धा दिवस रजा टाकून यावं लागलं.

तेव्हापासून आम्ही वडिलांच्या सहीचं पत्र शाळेत दिलं: मुलीला ने-आण करणं, पालकसभेला येणं, तातडीच्या वेळी फोन घेणं, यासाठी मी अधिकृत. घरातल्या डॉक्टरांच्या फाइललाही त्याची प्रत आहे. मोठ्या शस्त्रक्रियेच्या संमतीला हे पत्र पुरेसं धरू नका.

१४. रूहीला इशिताच्या मालमत्तेत वाटा मिळेल का?

रमणच्या मालमत्तेत हो, ती त्याची मुलगीच आहे. इशिताच्या बाबतीत उत्तर गुंतागुंतीचं आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १५ मध्ये मृत्युपत्र न करता वारलेल्या स्त्रीचे पहिले वारस तिची मुलं आणि नवरा. या 'मुलां'मध्ये सावत्र मूल येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निर्णय आहे. सावत्र मूल येतं ते पुढच्या पायरीवर, 'नवऱ्याचे वारस' म्हणून.

आणखी एक बारकावा. इशिताला अप्पा-अम्मांकडून वारशाने काही मिळालं असेल आणि तिला स्वतःचं मूल नसेल, तर ते तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जातं. रूहीच्या वाट्याला ते येत नाही. जिने आयुष्यभर डबे भरले तिच्या मनात काय होतं, हे कायदा विचारत नाही. म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह केलेलं मृत्युपत्रही चालतं; नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

१५. मग सरळ दत्तकच घेतलं तर?

सावत्र आई किंवा वडिलांनी दत्तक घेण्याची सोय बाल न्याय कायद्याखालच्या दत्तक नियमांत आहे. जन्मदात्या पालकांची संमती लागते, आणि घोडं तिथेच अडतं: शगुनसारखी हयात आई सहसा सही देत नाही, आणि देऊ नये असंही तिला वाटू शकतं. दत्तकविधान पूर्ण झालं की मूल कायद्याने तुमचं होतं, प्रश्न १४ मधली अडचण सुटते. पण मुलाला विचारल्याशिवाय अर्ज करू नका. आमची मुलगी नको म्हणाली. आम्ही तिथेच थांबलो आणि मी मृत्युपत्र केलं.

१६. शगुन इशिताच्या मुलासाठी सरोगेट होते. आज हे चाललं असतं का?

हे कथानक सरोगसी कायद्याच्या आधीचं आहे. सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ जानेवारी २०२२ मध्ये लागू झाला. त्यानुसार पैसे घेऊन सरोगसी बंद, सरोगेट स्त्री विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वर्षांची, आणि आयुष्यात एकदाच. आदित्यएवढा मुलगा असलेली शगुन वयाच्या या अटीत बसवणं अवघड आहे. शिवाय जोडप्याला आधीचं हयात मूल नसावं, अशीही अट आहे, आणि रमणला दोन मुलं. तेव्हा मालिका पाहून हा मार्ग घरात बोलायला काढण्याआधी नोंदणीकृत केंद्रात विचारून घ्या.

भावनेच्या बाजूने मात्र पिहूचा जन्म हा मालिकेचा सगळ्यात धाडसी विचार होता. जिने रूहीला सोडलं तिनेच इशिताचं मूल पोटात वाढवलं.

१७. आदित्य आणि आलिया तर सावत्र भावंडं झाली ना? त्यांचं लग्न कसं?

आलिया ही मणीकडे वाढलेली, आणि आदित्यच्या आईने मणीशी संसार थाटला. रक्ताने दोघांचा संबंध नाही. हिंदू विवाह कायद्यात निषिद्ध नात्यांची यादी आहे. एकच आई किंवा एकच वडील असलेली भावंडं त्यात येतात, पण ज्यांचे आई-वडील वेगवेगळे आहेत अशी लग्नाने जोडली गेलेली मुलं येत नाहीत. कायदा झाला. घरात मात्र एकाच छताखाली भावंडं म्हणून वाढवलेल्या मुलांसाठी हा प्रश्न वेगळा असतो. ही दोघं तशी लहानपणापासून एकत्र वाढलेली नव्हती.

१८. दोघांनाही आधीची मुलं असतील, अशी एखादी मालिका आहे का?

झी टीव्हीवर २०१२ मध्ये आलेली 'पुनर्विवाह' पाहा. यश (गुरमीत चौधरी) विधुर, त्याच्या दोन मुली. आरती (क्रतिका सेंगर) घटस्फोटित, तिचा एक मुलगा. तिथे आरतीच्या पहिल्या सासू-सासऱ्यांनी तिला लेकीसारखं सांभाळलं आहे आणि तेच तिचं दुसरं लग्न लावतात. हे फार सुंदर आहे. पण मुलाकडच्यांना घटस्फोटित सून नको म्हणून ते तिला विधवा सांगतात, आणि ते खोटं पुढे सगळ्यांना पोळतं.

यावरून मला येणारा जोडप्रश्न: स्थळाला घटस्फोट सांगितला नाही तर? सांगा, पहिल्याच भेटीत. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करण्याची मागणी करता येते, फसवणूक कळल्यापासून वर्षभरात.

१९. मुलं लग्नाच्या वयाची झाल्यावर आईने पुन्हा लग्न करायचं म्हटलं तर?

त्यासाठी 'अनुपमा' आहे. वनराजपासून घटस्फोट घेतलेली, तीन मोठ्या मुलांची आई २०२२ मध्ये अनुजशी लग्न करते, आणि विरोध घरातूनच होतो. मराठीत हाच प्रवास 'आई कुठे काय करते'मधल्या अरुंधतीने केला. दोन्ही मालिकांचं मूळ 'श्रीमोयी' ही बंगाली मालिका. लहान मुलाला 'मला कोण सांभाळणार' ही भीती असते, मोठ्याला 'लोक काय म्हणतील' आणि 'घर कुणाचं' ही. दुसऱ्या भीतीवर उपाय बोलण्यापेक्षा कागदाचा: लग्नाआधी जागेचं आणि पैशाचं काय ते मुलांसमोर लिहून ठेवा.

२०. लीपनंतरचे भाग पाहावेत का?

२०१६ मध्ये कथा सात वर्षं पुढे जाते. अपहरणं, कारस्थानं, मेलेली माणसं परत येणं वाढत जातं. एकाच धाग्यासाठी पाहा: इशिता नसताना पिहूला शगुन वाढवते, आणि परतलेल्या इशिताला आपल्याच मुलीपाशी परक्यासारखं उभं राहावं लागतं. जी वेळ शगुनवर होती ती तिच्यावर येते. पिहूचं काम पुन्हा रुहानिकानेच केलं आहे, त्यामुळे ते जास्तच लागतं.

२१. मराठीत ही गोष्ट आहे का?

स्टार प्रवाहवर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली 'प्रेमाची गोष्ट' हा तिचाच मराठी अवतार. मुक्ता गोखले दातांची डॉक्टर, सागर कोळी घटस्फोटित, आणि सई ही लेक. तमिळ-पंजाबीच्या जागी गोखले आणि कोळी, म्हणजे वरणभात आणि मासळीचं कालवण एका मजल्यावर. मुक्ता आधी तेजश्री प्रधान होती, २०२५ मध्ये तिच्या जागी स्वरदा ठिगळे आली.

२२. आमचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. मुलीला (वय ९) ही मालिका दाखवू का?

सुरुवातीचे भाग दाखवा, शेजारी बसून. 'बघ, रूही कशी इशिमाँवर प्रेम करते' असं मात्र चुकूनही म्हणू नका. आणि शगुनची निंदा चालू असताना मुलीच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा, कारण तिच्या मनात तिथे तिची आई असते.

आमची मुलगी नऊचीच असताना एका संध्याकाळी आम्ही दोघी शेंगा सोलत पाहत होतो. ती म्हणाली, "रूहीला सुट्टीत तिच्या मम्मीकडे जायला नाही मिळत का?" मी आवाज बंद केला. मे महिन्याचं विचारत होती. त्याच रात्री कॅलेंडर खाली काढलं, आणि नाशिकला जायची तारीख तिने स्वतः पेन्सिलने गोल करून ठेवली. यायची तारीख तेव्हा लिहिली नाही.